बंदर येण्याआधी: कोळीवाड्याने समुद्राची नोंद कशी ठेवावी, हरकत कशी लिहावी

डहाणू तालुक्यातल्या वाढवणसमोरचं बंदर कागदावर असं आहे: समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, १०.१४ किलोमीटर लांबीची लाटरोधक भिंत, प्रत्येकी १,००० मीटरचे ९ कंटेनर टर्मिनल, खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये. जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ला पालघरला झाली. पर्यावरण मंजुरी १६ फेब्रुवारीला आली. सुनावणी आणि मंजुरी यांच्यात पुरते तीस दिवससुद्धा गेले नाहीत. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ला अटी घालून परवानगी दिली.

वरोर, चिंचणी, धाकटी डहाणू, गुंगवाडा, तडियाळे इथली माणसं या सगळ्या काळात बोलत राहिली, मोर्चे निघाले, किनारपट्टी बंद झाली. ते सगळं आवश्यकच होतं. पण केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीसमोर आणि न्यायालयासमोर फाइल जाते, आणि त्या फाइलमध्ये कंपनीच्या सल्लागाराने घेतलेली मापं असतात, मच्छीमारांची नसतात. काम सुरू झाल्यावर "पूर्वी इथे बोंबील भरपूर मिळायचा" हे वाक्य सिद्ध करायला काहीच हातात राहत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी आपल्या समुद्राचं माप आपणच घेऊन ठेवायचं. ते कसं घ्यायचं आणि कुठे वापरायचं, हे पुढे दिलं आहे. बंदर वाढवणचं असो, मुरब्याचं असो, नाहीतर आणखी कुठल्या खाडीच्या तोंडावरचा एखादा जेट्टीप्रकल्प असो, पद्धत एकच.

आधी नकाशा

मच्छीमार सहकारी सोसायटीच्या सभासद बोटींच्या जीपीएसमध्ये मासेमारीच्या जागा साठवलेल्या असतातच. त्या एका कागदावर आणायच्या: डोलीच्या कवी (डोल जाळी बांधायच्या ठरलेल्या जागा), दालदी जाळी सोडायचे पट्टे, शेवंडीचे खडक, बोटी नांगरायच्या जागा, खाडीतून बाहेर पडायचा मार्ग. यात बायकांच्या जागा हमखास सुटतात. ओहोटीला कालवं फोडायचे खडक, शिवल्या आणि चिंबोऱ्यांच्या चिखलाच्या जागा, बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव, जवळा सुकवायचे ओटे हे सगळं नकाशावर आलंच पाहिजे. भरावाचा पहिला घाव भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यावर पडतो, आणि तिथे बहुतेक करून बायकाच काम करतात. वाढवणच्या शंखोदरासारखा खडकाळ भाग तर मासेमारीबरोबरच श्रद्धेचीही जागा आहे. तोही नकाशात वेगळ्या रंगाने दाखवा.

अक्षांश-रेखांश लिहिताना एक चूक सारखी होते. बोटीवरचं यंत्र बहुतेक वेळा अंश आणि मिनिटं दाखवतं, संगणकावरचा नकाशा दशांश अंश मागतो. १९ अंश ५५.५० मिनिटं म्हणजे १९.९२५ अंश. मिनिटांना ६० ने भागून अंशात मिळवायचं असतं. कुणी घाईत १९.५५५० असं लिहिलं, तर ती कव कागदावर २२ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ४१ किलोमीटर दक्षिणेला सरकते. असा एक बिंदू निघाला की समोरचा वकील उरलेली सगळी यादी संशयास्पद ठरवतो. म्हणून एकाने लिहावं, दुसऱ्याने नकाशावर टाकून बघावं, आणि त्या जागी जाळं मारणाऱ्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, दाखवून त्याची सही घ्यावी. यंत्रातलं मापन डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएसची नेहमीची मापनपद्धत) वर ठेवलेलं आहे, हेही लिहा.

प्रत्येक जागेपुढे खोली वावात आणि मीटरमध्ये (एक वाव म्हणजे सुमारे १.८३ मीटर), तळ चिखलाचा, वाळूचा की खडकाचा, आणि कोणत्या महिन्यांत तिथे जाळं असतं, ते लिहायचं. मग प्रकल्पाच्या नकाशातून भरावाची हद्द, जहाजांचा मार्ग, नांगरणीची जागा, गाळ टाकायची जागा आणि वाळू उपसायची जागा यांचे अक्षांश-रेखांश घेऊन त्याच कागदावर चढवायचे. वाढवणच्या भरावासाठी सुमारे २० कोटी घनमीटर वाळू दमणसमोरच्या समुद्रातून आणायचं ठरलं. म्हणजे प्रकल्प वाढवणला असला तरी त्याचा एक घाव दमण-उंबरगावच्या बाजूच्या मासेमारीवर बसतो, आणि तिकडच्या मच्छीमारांना बऱ्याचदा आपण "बाधित" आहोत हेच माहीत नसतं. त्यांना शोधून बरोबर घ्या.

नकाशा तयार झाला की तो ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे न्या आणि लोक जैवविविधता नोंदवहीत त्या जागा व तिथल्या जाती नोंदवायला लावा. ही नोंदवही २००२च्या जैवविविधता कायद्याखालची असते. सोसायटीच्या घरच्या वहीपेक्षा तिचं वजन न्यायालयात जास्त पडतं. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात आपला कोळीवाडा, मासे सुकवायच्या जागा आणि बोटी लावायची जागा दाखवली आहे का, तेही याच वेळी तपासा. नसेल तर ती भर घालण्याचा अर्ज लगेच द्या. आराखड्यात जी जागा नाही, ती मोकळी समजली जाते.

रोजची वही

वर्षभर चालणारी, हातात मावणारी वही. दहा-पंधरा बोटींनी मनापासून भरलेली वही ही शंभर बोटींनी आठवणीवर सांगितलेल्या आकड्यांपेक्षा मोलाची. सुरुवात १ ऑगस्टला करा, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि हंगाम तिथून उघडतो. रकाने असे: तारीख, तिथी, जागा (नकाशावरचा क्रमांक), जाळ्याचा प्रकार, जाळं टाकल्याची वेळ, काढल्याची वेळ, आणि जातीवार किलो.

तिथी लिहायलाच हवी. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीत, डोलीला मासा लागतो आणि अष्टमीच्या पुढे-मागे भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, घटतो, हे प्रत्येक तांडेलाला ठाऊक आहे, पण अहवाल तपासणाऱ्याला ठाऊक नसतं. तिथी नसेल तर भांगातली घट प्रकल्पामुळे झाली असं तुम्ही दाखवताय, असा आरोप होऊ शकतो. उधाणाची तुलना उधाणाशीच करायची.

वजनासाठी रोज काटा लावणं होत नाही. टोपली किंवा क्रेट ठरवून घ्या, प्रत्येक जातीचे पाच भरलेले क्रेट तोलून सरासरी काढा, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पुढे नुसते क्रेट मोजा. क्रेट बदलला की पुन्हा तोला. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी, कोळंबी वेगवेगळी लिहा. "मिक्स" हा रकाना शक्यतो ठेवू नका, कारण फरक सगळ्यात आधी तिथेच पडतो. पापलेट आणि घोळीची बारकी पिल्लं किती आली, त्याची नोंद तर अत्यंत गरजेची आहे. पिल्लं सापडली म्हणजे ती जागा माशांची वाढीची जागा आहे, आणि अहवालात "या क्षेत्रात प्रजननस्थळ आढळले नाही" असं वाक्य आलं तर त्याला उत्तर तुमच्या वहीत असतं. महिन्यातून एकदा एकाच टोपलीतल्या सलग ५० नगांची लांबी, न निवडता, मापा. चांगले बघून उचलले की माप खोटं होतं.

महिनाअखेर एक भागाकार करायचा: एकूण किलो भागिले एकूण ओढी (जाळं एकदा टाकून काढलं की एक ओढ). नुसती एकूण मासळी घटली तर "बोटी कमी झाल्या, लोक धंदा सोडतायत" हे उत्तर तयार असतं. एका ओढीला ४० किलोऐवजी २५ किलो येऊ लागले तर त्या उत्तराला जागा राहत नाही.

पैशाचा हिशेबही याच वेळी लागतो. लिलावाच्या पावत्या, डिझेलची बिलं, बर्फ, खलाशांचा वाटा. उरणच्या मच्छीमारांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ला १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई ठरवली, म्हणजे कुटुंबामागे सुमारे ५ लाख ८४ हजार. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. असल्या दाव्यात पहिला वाद कुटुंबांच्या संख्येवर होतो: मच्छीमार कोण, बाधित कोण. नाखव्याकडे बोटीची नोंदणी आणि परवाना असतो. खलाशी, जाळी विणणारे, टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या मावश्या, सुकी मासळी करणाऱ्या बायका यांच्याकडे काहीच नसतं. त्यांची यादी सोसायटीच्या लेटरहेडवर आत्ताच करा. बाजाराच्या गाळ्याची पावती, ओळखपत्र, सोसायटीचं सभासदत्व, यातलं जे असेल ते जोडा आणि यादी ग्रामसभेत वाचून ठरावात घ्या. प्रकल्प मंजूर झाल्यावर केलेली यादी "भरपाईसाठी बनवलेली" ठरते.

पाण्याची मापं

दोनच गोष्टी घरच्या साधनांनी नीट मोजता येतात, आणि नेमक्या त्याच दोन इथे महत्त्वाच्या आहेत: गढूळपणा आणि प्रवाह.

गढूळपणासाठी ३० सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चकती पांढरी रंगवा, मधोमध दोरी, खाली दोन किलोचं वजन, दोरीवर दर ५ सेंटिमीटरला खूण. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये, बोटीच्या सावलीच्या बाजूने, काळा चष्मा न लावता चकती सोडा. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना परत दिसली ती खोली, दोन्हींची सरासरी लिहा. आपलं पाणी मुळातच गढूळ. उधाणात चकती थोड्याशा खोलीवरच नाहीशी होते, म्हणून भांग आणि उधाण दोन्ही दिवशी, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळी मोजा. गाळ उपसणी सुरू झाल्यावर "हा गढूळपणा नैसर्गिक आहे" हे वाक्य येणारच. त्याला वर्षभराच्या आपल्या आकड्यांनीच उत्तर देता येतं.

प्रवाहासाठी नांगरलेल्या बोटीवरून २० मीटर सैल दोरीला बांधलेला सोललेला नारळ सोडा. नारळ जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतो, म्हणून वाऱ्याने फारसा ढकलला जात नाही. दोरी ताणली जाईपर्यंतचे सेकंद मोजा आणि २० ला त्यांनी भागा. २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे दीड नॉटच्या थोडा वर. तीनदा मोजून सरासरी घ्या. भरती सुरू झाल्यावर तिसऱ्या तासाला मोजलं तर दर वेळी त्याच तासाला मोजा.

प्रवाहावर एवढा भर देण्याचं कारण डोल. डोल हे थांबून राहणारं जाळं. खुंटांना बांधलेलं, तोंड प्रवाहाकडे, आणि मासा पाण्याबरोबर वाहत आत येतो. दहा किलोमीटरची भिंत समुद्रात उभी राहिली की तिच्या आडोशाला प्रवाह मंदावतो आणि टोकाशी वाढतो. वेग पाचव्या हिश्शाने घटला तर जाळ्यातून जाणारं पाणी पाचव्या हिश्शाने घटतं, पण जाळ्याचं तोंड उघडं ठेवणारा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे ३६ टक्क्यांनी उतरतो. तोंड मिटतं. समुद्रात बोंबील असला तरी जाळ्यात येत नाही. टोकाशी वेग वाढला तर खुंट उखडतात. अहवालात "प्रवाहातील बदल नगण्य" एवढंच लिहिलेलं असतं, कारण तो बदल जहाजाच्या दृष्टीने नगण्य असतो. "आमच्या अमुक क्रमांकाच्या कवीवर, उधाणात, भरतीच्या तिसऱ्या तासाला प्रवाह किती बदलेल?" हा प्रश्न लेखी विचारला, तर त्यांना मॉडेलमधून, म्हणजे प्रवाहाच्या संगणकी गणितातून, तो आकडा काढून द्यावा लागतो.

संरक्षित जीवांची नोंद वेगळी ठेवा. जाळ्यात अडकलेलं कासव, डॉल्फिन किंवा देवमासा जाळं कापून सोडला तर राज्य शासनाच्या योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो, तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश लागतात. जाळ्याचं नुकसान भरून निघतं, आणि त्या जागी तो प्राणी वावरतो याची सरकारी नोंदही होते. डहाणूला समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. तिथे पोहोचवलेल्या प्रत्येक कासवाची नोंदही तितकीच कामाची. असे अर्ज न करता प्राणी सोडून द्यायची सवय बदला.

अहवाल कुठून वाचायचा

पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अहवाल, म्हणजे ईआयए, हजाराच्या पुढे पानांचा असू शकतो. सुनावणीआधी मराठी सारांश मिळतो, पण सारांशात मॉडेल नसतं, परिशिष्टं नसतात. पूर्ण मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात ठेवावा लागतो. कार्यकक्षेचं पत्र (कंपनीने कोणता अभ्यास करायचा ते सांगणारं), बैठकांची इतिवृत्तं आणि पुढची कागदपत्रं केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' संकेतस्थळावर असतात. पहिल्या प्रकरणापासून वाचायला बसू नका. तिसरं (सध्याची स्थिती), चौथं (परिणाम) आणि दहावं (व्यवस्थापन योजना), एवढीच छापून घ्या.

तिसऱ्या प्रकरणात नमुने कुठे आणि कोणत्या महिन्यात घेतले ते बघा. नमुन्यांच्या जागा आपल्या नकाशावर टाका. भरावाखाली जाणाऱ्या खडकावर एकही नमुना नसणं, डोलीची मासळी सोडून फक्त ट्रॉलने (बोटीमागे ओढायच्या जाळ्याने) मासे पकडून यादी करणं, पावसाळ्यानंतरचे महिने वगळणं, या गोष्टी सारख्या सापडतात. मासळीचे आकडे कोणत्या बंदराचे आहेत तेही तपासा. जिल्ह्याचा आकडा गावाला लावला की गावाचं नुकसान दिसत नाही.

चौथ्यात प्रवाहाचं मॉडेल प्रत्यक्ष मोजमापाशी कुठे आणि किती दिवस जुळवून पाहिलं ते शोधा. निदान पंधरा दिवस हवेत, म्हणजे एक उधाण आणि एक भांग दोन्ही येतात. गाळाचा लोट किती दूर पसरेल याचा नकाशा असतो. तो कोणत्या ऋतूचा आहे ते बघा. खाडीच्या तोंडाशी गाळ साठेल का, याचं उत्तर नसेल तर ती मोठी उणीव धरा, कारण तोंड भरलं की ओहोटीला बोट बाहेरच पडत नाही.

दहाव्यातल्या उपायांवर विश्वास ठेवण्याआधी ते आपल्या समुद्रात चालतात का ते विचारा. गाळ अडवायला पाण्यात लावायचा पडदा जवळजवळ प्रत्येक अहवालात असतो. साधारण एका नॉटच्या वर प्रवाह गेला की तो पडदा उचलला जातो आणि गाळ खालून निसटतो. तुमच्या नारळाच्या मापात दीड नॉट येत असेल तर तो उपाय तिथे नाही म्हणूनच धरा. खांब ठोकताना आवाज किमान २० मिनिटं हळूहळू वाढवणं, डॉल्फिन दिसल्यास काम थांबवणं, हे लिहिलं आहे का पाहा. आणि हा प्रश्न नक्की विचारा: मासळीच्या प्रजननासाठी आमच्या बोटी ६१ दिवस किनाऱ्यावर असतात, त्या दिवसांत गाळ उपसणी थांबणार का? मासेमारीबंदी ड्रेजरला लागू होत नाही. ती अट मंजुरीतच घालून घ्यावी लागते.

सगळ्यांत धारदार शस्त्र मात्र कार्यकक्षेचं पत्र. तज्ज्ञ समिती अभ्यासाआधी कंपनीला काय-काय तपासायचं ते मुद्देवार लिहून देते. ते पत्र आणि अहवाल शेजारी ठेवून जो मुद्दा अर्धवट आहे तो पकडा. "अहवाल चुकीचा आहे" यावर वाद होतो. "समितीने सांगितलेला अमुक क्रमांकाचा अभ्यास झालेलाच नाही" यावर वाद होत नाही.

मूळ आकडे न मिळाल्यास माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज असेल तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा असते, म्हणून पाच विषयांचे पाच अर्ज करा. केंद्राच्या कार्यालयाकडे ५०० शब्द चालतात. "अहवालाची सर्व माहिती द्या" असं लिहू नका. "परिशिष्टातील प्रवाहमापकाच्या नोंदी, तारीख व वेळेसह" असं लिहा.

हरकत आणि सुनावणीचा दिवस

सुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात यायला हवी. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. गणपूर्ती लागत नाही, म्हणजे बहिष्कार घातला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. बहिष्कार टाकायचा असेल तरी लेखी हरकती पोच घेऊन दिल्याशिवाय टाकू नका. घोषणा देऊन सभा उधळली तर इतिवृत्तात एक ओळ येते, "स्थानिकांनी विरोध दर्शविला". लेखी मुद्द्यांना मात्र अंतिम अहवालात कंपनीला एकेक करून उत्तर द्यावं लागतं.

एक हरकत म्हणजे एक मुद्दा. नमुना असा:

"हरकत क्र. ७. मसुदा अहवाल, प्रकरण ४, पान क्र. __. येथे भरावामुळे प्रवाहात लक्षणीय बदल होणार नाही असे म्हटले आहे. सोबतच्या नकाशातील जागा क्र. १२ ते १९ येथे आमच्या सोसायटीच्या डोली लागतात. अक्षांश-रेखांश आणि एका वर्षाच्या प्रवाहाच्या व मासळीच्या नोंदी परिशिष्ट अ मध्ये जोडल्या आहेत. या आठ जागांवर उधाणात व भांगात अपेक्षित प्रवाह बदल अहवालात दिलेला नाही. तो देऊन सुनावणी पुन्हा घ्यावी."

जागा, पान, आकडा, मागणी. एवढं असेल तर दहा ओळी पुरतात. गावातल्या सगळ्यांनी एकच झेरॉक्स सही करून दिली तर ती एकच हरकत मोजली जाण्याचा धोका असतो. डोलवाल्यांनी डोलीचं, खडकावर जाणाऱ्या बायकांनी खडकाचं, विक्रेत्यांनी बाजाराचं लिहावं.

मागणीत आकडा असणं किती कामाचं, ते वरळीत दिसलं. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून वरळी कोळीवाड्याच्या बोटी जातात. आराखड्यात दोन खांबांत ६० मीटर अंतर होतं. दोन बोटी समोरासमोर आल्या, वारा सुटला, तर बोट खांबावर जाईल, हे सांगून मच्छीमारांनी २०० मीटर मागितले. ते मिळाले नाहीत, पण काम अडवून धरल्यावर २०२२च्या डिसेंबरमध्ये १२० मीटर मान्य झाले, मधला खांब गेला. नुसतं "आमचा मार्ग बंद करू नका" म्हटलं असतं तर "मार्ग खुला आहे" एवढंच उत्तर आलं असतं.

सुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. आपला लेखी क्रमांक सांगून एकच मुद्दा मांडा. चित्रीकरण सरकारी होतं, तरी आपलंही करा. शेवटी इतिवृत्त त्याच ठिकाणी, मराठीत वाचून दाखवायचं असतं. लोक दमून निघून जातात, आणि तिथेच घोटाळा होतो. निदान दहा माणसं शेवटपर्यंत थांबा, सुटलेला मुद्दा तिथल्या तिथे भरायला लावा, न भरल्यास त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

मंजुरी आल्यावर

मंजुरीची जाहिरात सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, एक मराठी. ग्रामपंचायतीला प्रत मिळते आणि ती ३० दिवस फलकावर लावायची असते. पण फलकाची वाट बघू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण दाखवल्यास आणखी ६०, त्यानंतर एक दिवसही नाही. आदेश संकेतस्थळावर आला त्या दिवसापासून मोजा. परिवेश रोज बघायचं काम एका माणसाला नेमून द्या. भरपाई मागितली नसेल तर अपिलाचं शुल्क १,००० रुपये आहे. खर्च वकिलाचा आणि कागदांचा होतो, म्हणून कागद आधीच क्रमवार लावलेले असले तर अर्धं काम झालेलं असतं.

अपील केलं वा न केलं, अटींची यादी काढा. मासेमारी, गाळ, आवाज, भरपाई यांच्या अटी वेगळ्या करा. कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला पालनाचा अहवाल द्यावा लागतो. तो आला की आपली वही उघडून त्याच सहा महिन्यांचे आकडे शेजारी मांडा आणि फरक दिसला तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा.

काम सुरू असताना मासे मेले तर वेळ फार थोडा असतो. डोळे पांढरे पडलेला, फुगलेला मासा तपासणीला उपयोगाचा नाही. तडफडणारे किंवा नुकते मेलेले उचला, पिशवीत तारीख, वेळ आणि जागा लिहून बर्फात ठेवा, डीप फ्रीजमध्ये घालू नका, कारण गोठल्यावर कल्ल्याची पेशीतपासणी होत नाही. पाण्यासाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, बर्फात ठेवा, २४ तासांत प्रयोगशाळेत द्या. एक बाटली मेलेल्या जागेची आणि एक दूरच्या चांगल्या जागेची हवीच, नाहीतर तुलना कशाशी करणार? विरघळलेला ऑक्सिजन नंतर मोजता येत नाही, तो जागेवरच मोजावा लागतो, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन आणि ईमेल दोन्ही करून माणूस बोलवा आणि पंचनामा करून घ्या. बाटल्या पंचांसमोर सील करा. सील नसलेला नमुना तुमच्याच घरात बदलला, असं म्हणायला कुणाला वेळ लागत नाही.

नुकसानभरपाईचा दावा हरित न्यायाधिकरणात नुकसान पहिल्यांदा झाल्यापासून पाच वर्षांत करता येतो, वर सबळ कारण असेल तर ६० दिवस. भरपाईच्या दाव्याचं शुल्क मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात असतं, तेवढी तजवीज सोसायटीने आधी करावी. नुकसान पहिल्यांदा कधी झालं, ती तारीख वहीतूनच निघते. म्हणून बांधकाम चालू झालं तरी वही बंद करायची नाही. मूळ वह्या सोसायटीच्या कपाटात, एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत, एक वकिलाकडे, आणि दर महिन्याच्या पानांचे फोटो तीन वेगळ्या लोकांच्या फोनमध्ये ठेवा.